बहिऱ्या राजाचा कान

मी बहिरा राजा बोलतोय. दचकू नका, खराखुरा राजा नव्हे. राजाचं तोंड छापलेलं एक जुनं नाणं आहे मी. एका अंगाला राजा, दुसऱ्या अंगाला डेरेदार झाड. राजाला मुकुट आहे, दाढी आहे, नाक तर असं धारदार की बघणाऱ्याचं लक्ष आधी तिकडेच जावं. फक्त कान नाही. कान असायला हवा तिथे नुसती सपाट जागा आहे.

ज्याच्या हातात जातो तो मला डोळ्यांजवळ नेतो आणि चुकचुकतो, "फारच झिजलंय बिचारं!" अशा वेळी माझा नुसता संताप होतो. अहो, झिजायला आधी काही असावं लागतं. मला कान कधी नव्हताच. पण हे ओरडून सांगणार कसं? राजाचे ओठ मिटलेले कोरलेत. आज कधी नव्हे ती ऐकणारी माणसं भेटली आहेत, तर सगळं पहिल्यापासून सांगून टाकतो.

माझा जन्म टांकसाळीतला. आधी मी एका लांबलचक पत्र्याचा भाग होतो. त्या पत्र्यातून यंत्राने खटाखट चकत्या पाडल्या, त्यातली एक मी. मी जन्मतः गुळगुळीत होतो असं समजू नका. पत्रा रुळांतून दाबून काढताना त्याच्या अंगावर बारीक बारीक चरे उमटतात, ते माझ्याही अंगावर होते. मग मला भट्टीत तापवून मऊ केलं, धुतलं, वाळवलं आणि दाबयंत्रापाशी नेलं.

तिथे पोलादाचे दोन ठसे असतात. वरच्यावर राजा खोलगट कोरलेला, खालच्यावर झाड. मधे चकती ठेवायची आणि दाबायची. दाबाखाली धातू पसरतो आणि मिळेल त्या खळग्यात शिरतो. खळगा जेवढा खोल, तेवढा नाण्यावरचा उठाव उंच. ऐकायला सोपं वाटतं ना? पण चकतीत धातू असतो तेवढाच असतो. ठसे कोरणाऱ्याने झाडाचं खोड हौसेने चांगलं जाडजूड कोरलं होतं, आणि ते नेमकं राजाच्या कानाच्या पाठीमागे येत होतं. एका जागचा धातू दोन्हीकडून ओढला जात होता. तो गेला खोडाकडे. कानापर्यंत पोचलाच नाही. कानाच्या जागी चकतीची जुनी कातडी, तिच्या चऱ्यांसकट, जशीच्या तशी राहिली.

नाणी तपासायला एक बाई बसायच्या. त्यांनी मला उजेडात तिरकं धरलं आणि हाक दिली, "अहो, हासुद्धा बहिराच निघाला!"

यंत्र चालवणारा कारागीर जागेवरूनच म्हणाला, "दाब आणखी वाढवला तर ठसा तडकेल, बाई. मग साहेबांची बोलणी तुम्ही खाणार का?"

"अहो, पण राजाला कान नको?"

"कशाला हवाय? लोकांची गाऱ्हाणी ऐकायचीत थोडीच!"

बाईंना हसू आवरेना. हसता हसताच त्यांनी मला चांगल्या नाण्यांच्या पेटीत टाकून दिलं. माझं बारसंही तिथेच झालं म्हणायचं. तेव्हापासून मी बहिरा.

पुढे मी बाजारात फिरलो. माणसांचे हात मी इतके पाहिले की कुणाचा चेहरा बघायची गरज उरली नाही. काही जण मला देताना अशी मूठ आवळतात, जणू दात उपटून घेतलाय. काही जण बघतसुद्धा नाहीत. निर्णय घ्यायचा धीर नसलेले मला हवेत उडवतात आणि मनासारखं पडलं नाही की म्हणतात, "हे धरायचं नाही, आता पुन्हा." एका आजीबाई तर मला रुमालाच्या गाठीत बांधायच्या आणि गाठ कुठे ठेवली ते विसरायच्या. मग सगळं घर मला शोधत बसायचं. तेवढी किंमत मला पुन्हा कधी आली नाही.

मग राजा वारला, राज्यकारभार बदलला आणि नवी नाणी निघाली. मी चलनातून बाद झालो. गंमत अशी की ज्या सुमारास मी बाद झालो असं दुकानदारांना कळलं, त्याच सुमारास एका गिऱ्हाईकाने शिलाई देताना चुकून मला एका शिंप्याच्या हातात टेकवलं.

या शिंप्याचं दुकान एका अरुंद रस्त्यावर, पायऱ्या चढून वर गेलं की डाव्या हाताला होतं. आत कापड बेतायचं लांब टेबल, खिडकीशी शिवणयंत्र, भिंतीवर खिळ्याला अडकवलेल्या कात्र्या. पाव आणायला म्हणून शिंप्याने मला खाली नेलं, तर पाववाल्याने मला उलटंसुलटं करून परत दिलं. "मामा, हे चालत नाही आता."

शिंपी वर आला आणि मला टेबलावर ठेवत म्हणाला, "चालत नाहीस ना? मग बस इथेच."

आणि मी बसलो. तेही रिकामा नाही. शर्टाच्या खिशाचे खालचे कोपरे गोल करायचे असतात. त्यासाठी त्याच्याकडे पुठ्ठ्याचा एक तुकडा होता, पण त्याच्या कडा कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या. त्याने सहज मला कापडाच्या कोपऱ्यावर ठेवलं, डाव्या हाताच्या पहिल्या बोटाने दाबून धरलं आणि भोवतीने खडू फिरवला. गोलाई अशी सुरेख आली की तो स्वतःशीच "वा!" म्हणाला. त्या दिवसापासून मी नोकरीला लागलो. खिसे झाले, कॉलरची टोकं झाली, लहान मुलींच्या झग्यांची झालर झाली. चलनात होतो तेव्हा माझ्या अंगी काही काम आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

त्याची एक रीत होती. मला ठेवताना तो नेहमी झाड वर आणि राजा खाली ठेवायचा. पहिल्यांदा राजा वर आला तेव्हा त्याने बोट टेकवलं आणि लगेच उचललं. "माणसाच्या तोंडावर बोट दाबून काम करायचं? छे, बरं दिसत नाही." त्याने मला उलटं केलं. पुढे कधीही त्यात बदल झाला नाही. घाई असो, ताप असो, गिऱ्हाईक डोक्यावर बसलेलं असो, माझ्या पाठीवर त्याचं बोट आणि माझं नाक कापडात. बोटाला खडूची पूड लागलेली असायची. ती पूड आणि ते बोट, दोन्ही माझ्या झाडावर वर्षानुवर्षं फिरत राहिली.

शिंप्याला दोन मुली. थोरलीला शाळेपेक्षा कात्रीचा नाद. ती लवकरच टेबलापाशी उभी राहायला लागली आणि बापाने तिला सगळं दिलं. कापडाचा उभा-आडवा धागा कसा ओळखायचा, इस्त्री कुठे थांबवायची, गिऱ्हाईकाचं पोट मोजताना त्याला कसं बोलतं ठेवायचं म्हणजे तो पोट आत ओढत नाही. धाकटी अभ्यासात हुशार. तिला लांबच्या शाळेत घातलं, वसतिगृहात. ती सुट्टीत यायची तेव्हा नेमकी दुकानात कामाची गर्दी असायची. बाप तिला टेबलाच्या टोकाला बसवायचा आणि काम करता करता तिच्याशी बोलायचा. माणसाचे दिवसाचे तास तेवढेच असतात. ते थोरलीकडे गेले.

एकदा धाकटी खूप हट्ट करत होती, कशासाठी ते आता आठवत नाही. बापाने मला उचलून तिच्यापुढे धरलं. "हा राजा बघितलास? हा पण असाच, कुणाचंच ऐकायचा नाही. मग मी त्याचा कान पिळला. रोज पिळायचो. पिळून पिळून कानच गेला बघ."

धाकटीने दोन्ही हात स्वतःच्या कानांवर ठेवले. "सगळा गेला?"

"सगळा. हात लावून बघ."

तिने हात लावून पाहिला आणि हट्ट विसरली. नंतर दर सुट्टीत आली की आधी मला शोधायची, माझ्या सपाट कानावर बोट फिरवायची आणि बापाला विचारायची, "अजून पिळता का हो बाबा?" तो म्हणायचा, "म्हणजे काय! सोडतोय की काय त्याला?" मला राग यायला हवा होता, पण येत नसे. पोर हसली की मलाही बरं वाटायचं.

शिंपी थकला, बसून काम करू लागला, मग काम थांबलं. तो गेला तेव्हा धाकटी दूरच्या गावी नोकरीत होती. तिला पोचायला उशीर झाला. सगळं आटोपल्यावर ती दुकानात आली, टेबलाच्या टोकाला तिच्या जागी बसली आणि मला हातात घेऊन कानावर अंगठा फिरवत कितीतरी वेळ तशीच राहिली. कुणी तिला उठवलं नाही.

दुकान थोरलीने चालवलं. कात्र्या तिच्या हातात रुळलेल्याच होत्या. मीही तिच्या बोटाखाली आलो, झाड वर आणि राजा खाली, जसं तिने पाहिलं होतं तसंच.

यंदा धाकटी रजा घेऊन आली. जेवणं झाल्यावर दोघी दुकानात बसल्या होत्या. धाकटी म्हणाली, "ताई, तुला एक मागू? नाही म्हणायचं नाही."

"आधी माग तर खरं."

"बाबांचं नाणं. मी त्याला कडी लावून गळ्यात घालीन."

थोरलीने मला टेबलावरून उचललं. धाकटी म्हणाली, "तुझ्याकडे त्यांचं सगळं आहे गं. हे टेबल आहे, कात्र्या आहेत. तुझ्या हातात त्यांचा हात आहे. माझ्या वाट्याला बाबा आलेच कितीसे? माझ्याकडे एकच गोष्ट आहे. त्यांनी राजाचा कान पिळला, ती. त्यांच्या हाताची तेवढी एकच खूण आहे जगात."

"असं बोलू नकोस गं, चिमणे," थोरली म्हणाली. "घेऊन जा. उद्या सोनाराकडे जाऊ."

माझी झोप उडाली, म्हणजे मला झोप असती तर उडाली असती. खूण कानावर नाही, बायांनो! कान जन्मापासूनच तसा आहे. पण सांगणार कोण?

सोनाराच्या दुकानाला लागून एक नाणेवाला बसायचा. जुनी नाणी घ्यायचा, विकायचा. कडी डागण्याआधी त्याला दाखवावं असं थोरलीला वाटलं. धाकटीने मला त्याच्या पुढ्यात ठेवलं आणि जरा अभिमानानेच विचारलं, "कान एवढा झिजायला किती वर्षं रोज घासावं लागत असेल हो?"

नाणेवाल्याने डोळ्याला भिंग लावलं. मग मान हलवली. "हा घासलेला नाही. हा उठलेलाच नाही."

"म्हणजे?"

"हे बघा." त्याने भिंग तिच्या हातात दिलं. "त्या सपाट जागेत बारीक चरे दिसतात? ते चकतीवरचे, छापायच्या आधीचे. बोटाने घासलं असतं तर सगळ्यात आधी तेच गेले असते. घासलेली जागा साबणाच्या वडीसारखी लागते, मऊ, बिनचऱ्याची. इथला धातू मागच्या खोडात गेला, म्हणून कान आला नाही. या वर्षीची बरीचशी नाणी अशीच आहेत."

धाकटीने भिंगातून पाहिलं. चरे होते. असायचेच, माझे मलाच माहीत आहेत ते. तिचा चेहरा मात्र उतरला.

नाणेवाला आपल्या कामाच्या नादात पुढे बोलत होता. "मागची बाजू मात्र खरंच झिजली आहे, त्यामुळे याला भाव नाही." त्याचं बोलणं पुरं होईपर्यंत धाकटीने मला उचललं होतं आणि थोरली तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला बाहेर नेत होती. अहो, थांबा! पुढचं ऐका! माझ्या आतल्या आत मी किती ओरडलो. मला बहिरा म्हणतात, पण त्या दिवशी बहिऱ्या झाल्या होत्या त्या दोघी.

रस्त्यात धाकटी एवढंच म्हणाली, "बाबांनी थाप मारली होती तर."

"लहान होतीस. तुला हसवायला बोलले असतील."

"मी इतकी वर्षं खरं धरून बसले." थोडं चालल्यावर ती म्हणाली, "तरीही लॉकेट करूच. नुसतं नाणं म्हणून. सोनाराला सांगते उद्या, दोन्हीकडून चांगलं घासून पॉलिश कर म्हणून. निदान चकाकेल तरी."

मी हबकलोच. सोनाराच्या पॉलिशच्या चाकाबद्दल मी ऐकून आहे. ते अंगावरून फिरलं की वरचा थर जातो, आणि शिंप्याचं बोट माझ्या अंगावर होतं ते त्याच थरात होतं. तीस-चाळीस वर्षांचं काम एका फेरीत पुसलं जाणार, आणि पुसतोय हे कुणाला कळणारही नाही. मरणाची भीती नाणी बाळगत नाहीत. वितळलो तरी पुन्हा काहीतरी होतोच. पण त्या दुपारी मला भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी सोनाराकडे जायच्या आधी थोरलीला एका शर्टाचा खिसा बेतायचा होता. "तेवढा हा खिसा होऊ दे," ती म्हणाली, "मग ने."

धाकटी शेजारी उभी राहून बघत होती. एकाएकी म्हणाली, "ताई, मला करू दे ना. एकदाच. मला कधी कुणी करूच दिलं नाही."

थोरलीने खडू तिच्या हातात दिला. धाकटीने मला कापडाच्या कोपऱ्यावर ठेवलं, राजा वर करून, आणि बोट टेकवलं.

"अगं, उलटं!" थोरली पटकन म्हणाली. "झाड वर."

"का?"

"का म्हणजे... बाबा तसंच ठेवायचे. माणसाच्या तोंडावर बोट ठेवायचं नाही म्हणायचे. मी पण तसंच ठेवते."

"नेहमी?"

"कायम. मी दुसऱ्या रीतीने ठेवलेलं त्यांना कधी पाहिलं नाही."

धाकटीने मला उलटं केलं. तिचं बोट माझ्या पाठीवर आलं. मऊ बोट होतं, सुईने न टोचलेलं, खडूने न खरखरलेलं. थोरलीच्या बोटाला माझी सवय होती, त्याला वेगळं काही लागत नसे. धाकटीचं बोट थबकलं. तिने ते उचललं, पुन्हा ठेवलं.

"ताई, या झाडाचं खोड कुठाय?"

"आहे की. मधोमध."

"नाही. फांद्या लागतात हाताला, पानं लागतात. मधे काहीच नाही. नुसतं गुळगुळीत आहे. माझं बोट आपोआप तिथे जाऊन बसतंय."

थोरलीने खणातून काजं करताना लागणारं भिंग काढलं. दोघींची डोकी माझ्यावर वाकली. खिडकीतून ऊन पडलं होतं.

"चरे आहेत का बघ," धाकटी हळूच म्हणाली.

थोरलीने बघितलं. मला खिडकीकडे नेऊन पुन्हा बघितलं. "एकसुद्धा नाही. साबणाच्या वडीसारखं आहे गं." मग तिला आठवलं. "तो नाणेवाला काहीतरी म्हणत होता. मागची बाजू खरंच झिजली आहे म्हणून. आपण ऐकलंच नाही."

धाकटी माझ्याकडे बघत राहिली. राजा आणि झाड अशा दोन्ही बाजूंनी मला तिच्याकडे बघता आलं असतं, तर मीही बघितलं असतं. मग ती अगदी सावकाश बोलली, "ताई, तो म्हणाला होता ना, कानाचा धातू खोडात गेला?"

"हो."

"म्हणजे कान इथे होता. या बाजूला. आणि बाबा रोज यावरच बोट..."

 तिला हसू आणि रडू एकदमच आलं. "खरंच पिळला की गं त्यांनी! खरंच पिळून पिळून घालवला!"

थोरलीही रडली. तिने पदर-बिदर काही शोधला नाही, हातातला शर्टाचा तुकडाच डोळ्यांना लावला. गिऱ्हाईकाचं कापड आहे हे तिला नंतर आठवलं.

सोनाराकडे कुणी गेलं नाही. थोरलीने एका जाड पुठ्ठ्यावर मला ठेवलं, भोवतीने पेन्सिल फिरवली आणि ती गोलाई कापून घेतली. पुठ्ठा तयार झाल्यावरही तिचं बोट माझ्या पाठीवरून उठत नव्हतं. मग तिने मला धाकटीच्या हातात दिलं.

"अगं, तुला लागेल कामाला," धाकटी म्हणाली.

"मला पुठ्ठा पुरे. माझ्या बोटाला ते नुसतं नाणं लागत होतं, चिमणे. तुझ्या बोटाला बाबा लागले. तूच ठेव." मग तिने एक उरलासुरला कापडाचा तुकडा पुढे सरकवला. "पण असं मोकळं नेऊ नकोस. याला खिसा शिव. तू शिव, मी बघते."

धाकटीने आयुष्यात पहिल्यांदा खिसा बेतला. झाड वर, राजा खाली, बोट मधोमध. टीप वाकडी गेली, एक कोपरा गोल आणि दुसरा जरा जास्तच गोल झाला. थोरलीने उसवून पुन्हा करायला सांगितलं नाही. बापाने सांगितलं असतं, हे दोघींनाही माहीत होतं, आणि त्यावर दोघी हसल्या.

आता मी त्या वाकड्या खिशात राहतो, धाकटीच्या घरी. काम काही नाही. अंग काळवंडलंय. कुणी पाहुणा मला बघून "जरा चिंच-बिंच लावून घासा की, कसं लख्ख होईल" म्हणतो, तेव्हा धाकटी माझ्यावर अशी मूठ मिटते की पाहुणा विषय बदलतो.

तुम्हालाही माझी तेवढीच विनंती आहे. घरात माझ्यासारखं एखादं जुनं नाणं असेल, तर चकाकी आणायच्या नादात त्याला घासू नका. आणि कुणाच्या अंगी एखादी जागा सपाट दिसली, तर झिजलं बिचारं म्हणून लगेच चुकचुकू नका. तिथे कदाचित कधी काही पोचलंच नसेल. जे पोचलं नाही ते कुठे गेलं, हे बघायला जरा उलटवून पाहा.

रोज कामावर निघताना धाकटी मला खिशातून काढते, पालथं करते आणि खोडाच्या जागी बोट टेकवते. मग बापाच्या आवाजात विचारते, "काय रे बहिऱ्या, ऐकतोयस ना?"

ऐकतोय गं. जिथे बोट ठेवलंयस, माझा कान तिथेच तर आहे.